रिकामा चॅनेल

घरातून निघाले की गॅस बंद केलाय का ते बघायला मी पायरीवरून परत येते, आणि ते बघून झालं की कुलूप नीट लागलंय का ते बघायला पुन्हा एकदा. माझा नवरा रूपेश म्हणतो, हिच्याशी लग्न म्हणजे प्रत्येक गावाला दोनदा निघणं. सासूबाईंनी तर मला काळजीची टाकी असं नावच ठेवलंय. त्यामुळे दसऱ्याच्या संध्याकाळी माझा चेहरा पांढरा पडला, तेव्हा घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

आमचं गाव कर्जतच्या अलीकडं, भाताच्या खाचरांमधलं. माझे सासरे येसाजी, मी त्यांना मामा म्हणते, खालापूर तालुक्यातल्या एका राळेच्या कारखान्यात केटलवर ऑपरेटर आहेत. रंगात घालायची राळ शिजवायचं मोठं बंद भांडं म्हणजे केटल. मी कर्जतच्या एका छोट्या ऑटोमेशन कंपनीत इंजिनीअर. नवरात्रात कारखाना बंद ठेवून केटलचं जुनं कंट्रोल पॅनेल काढायचं आणि नवं बसवायचं, हे काम नेमकं आमच्या कंपनीला मिळालं आणि कंपनीनं ते नेमकं मला दिलं. सुनेनं बसवलेलं यंत्र सासरा चालवणार, म्हणून मामांनी ही बातमी गावभर केली.

मामा मला कधीच नावं ठेवत नाहीत. आमटी खारट झाली तर सासूबाई ताट सरकवतात, रूपेश तोंड वाकडं करतो. मामा मात्र मुकाट जेवतात आणि वर म्हणतात, "बेस झालीय." आधी मला याचं फार कौतुक वाटायचं.

कामाचं थोडं सांगायला हवं. केटलमध्ये एक सेन्सर असतो. आतली उष्णता तो बारीक विजेच्या रूपात तारेवरून पॅनेलकडे पाठवतो. तिकडे अॅनालॉग इनपुट मॉड्यूल नावाची एक डबी ती वीज मोजते आणि पडद्यावर आकडा दिसतो. केटल थंड असली तर तारेतून चार मिलिअँपिअर येतात, तापत तापत शेवटाला गेली तर वीस. खुबी आहे ती त्या चारमध्ये. केटल कितीही थंड असली तरी तार जिवंत असते. शून्य आलं याचा अर्थ तार तुटली, आणि मग मॉड्यूलनं भोंगा वाजवायचा.

मला हवं होतं प्रत्येक चॅनेलचा, म्हणजे तार जोडायच्या प्रत्येक जागेचा, भोंगा वेगळा चालू-बंद करता येणारं मॉड्यूल. तसं पत्रही मी दिलं होतं. पण ते यायला दिवाळी उजाडली असती, आणि मालकांना पहिली बॅच दसऱ्याच्या मुहूर्तावर लावायची होती. मग हाताशी होतं ते घेतलं. मोजायला ते चोख होतं, फक्त त्याच्या चारही चॅनेलचा भोंगा एकत्र. आमचे तीनच सेन्सर होते, चौथा चॅनेल रिकामा. रिकाम्या चॅनेलवर वीज येत नाही, म्हणून मॉड्यूलला वाटतं तार तुटली, आणि ते बोंबलत सुटतं. उपाय साधा असतो. रिकाम्या चॅनेलच्या दोन टोकांना तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर लावायचा, की ते गप्प. रेझिस्टरची पुडी माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स कारखान्याच्या ऑफिसात.

पूजेला सगळे जमले आणि भोंगा सुरू झाला. भटजी ताम्हन घेऊन थांबले. मॅनेजर ऋषिकेश सर माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "जागृती, आरतीपुरता बंद कर ना तो. शुभ दिवशी कसला हा आक्रोश!" मी लॅपटॉपवरून भोंगा बंद केला, म्हणजे अर्थातच चारही चॅनेलचा. आरतीनंतर रेझिस्टर लावून पुन्हा चालू करायचा, असं मनाशी ठरवलं.

त्यानंतर आरती झाली, प्रसाद झाला, मालकांनी साडी आणि नारळ दिला, फोटो काढले. मामांनी केटलला कुंकू लावलं. जुना, काट्याचा तापमापक केटलवर तसाच ठेवलेला होता. इतकी वर्षं त्यानंच इमानेइतबारे काम केलं म्हणून मामांनी झेंडूची भलीमोठी माळ त्याच्यावर चढवली. माळेचं दुसरं टोक बांधायला जागा नव्हती, ते त्यांनी माझ्या नव्या सेन्सरच्या केबलला बांधलं. मी बघितलं आणि मनात म्हटलं, माळ जड आहे, नंतर सोडवू. बॅच सुरू झाली, पडद्यावर आकडा झकास चढू लागला. मामा शेजारच्या ऑपरेटरला सांगत होते, "आमच्या सूनबायचा आकडा हाय तो." मी हवेत तरंगतच स्कूटीवरून घरी आले.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "जागृते, सोनं आन गं, देवापुढं ठेवू." येताना घेतलेली आपट्याची पानं मी पर्समधून ओढून काढली, आणि त्यांच्याबरोबर ती कागदाची पुडी बाहेर पडली.

मी पुडी उघडली. रेझिस्टर आत होता.

"काय गं, काय झालं?"

"भोंगा बंदच राहिला," मी म्हटलं.

"मंग बरं झालं की. कशाला पायजे भोंगा सनाच्या दिशी?"

त्यांना काय सांगणार? भोंग्यापेक्षा मोठी भानगड मीच करून ठेवली होती. तारेचा टाका क्षणभर हलला तर अख्खी बॅच थांबू नये, म्हणून प्रोग्रॅममध्ये मी लिहिलं होतं की वीज आली नाही तर शेवटचा आकडाच धरून ठेव. भोंगा वाजत असताना त्यात काही वावगं नाही, माणूस धावत येतो. भोंगा बंद असेल तर मात्र पडदा सरळ खोटं बोलतो. तार सुटली, तर आकडा आहे तिथंच राहणार. केटल अजून पुरेशी तापली नाही असं समजून यंत्र तिच्या बाहेरच्या कवचात गरम तेल सोडत राहणार. वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, पण उसळलेली राळ तिथून उडते तेव्हा खाली उभ्या माणसाचं काय होतं, ते मी ट्रेनिंगमध्ये फोटोत पाहिलंय. आणि खाली मामा उभे होते.

त्यांना फोन लावला. वाजत राहिला. मोबाईल आत नेता येत नाही, तो गेटवरच्या कप्प्यात. मग गेटवर लावला. सिक्युरिटीवाल्या गजानं उचलला.

"गजा, मामांना सांग, जुन्या काट्यावर बघा. आत्ताच्या आत्ता!"

"म्याडम, समदं बराबर हाय. मगाशी बदली आल्ता तवा मी बगून आलो. आकडा कसा, हलत पन नाय."

हलत नाही? चांगली केटलसुद्धा एखाद्या अंशानं खालीवर होते. "गजा, जा आत, पळ!" मी ओरडले. गेट सोडून कसं जाणार, बदली आली की सांगतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. ऋषिकेश सर पुण्याला घरी निघाले होते. ते म्हणाले, "अगं, नवी तार आजच्या आज कशी सुटेल? तुझा स्वभावच आहे तो. मी लावतो गेटवर फोन, तू सण साजरा कर."

स्वभाव आहे हे खरंच. स्कूटी काढतानाही मला वाटत होतं की हे आपलं गॅस बंद केला का तसलंच. पण माळ डोळ्यासमोरून हलेना. पूजेचं पाणी शिंपडून ओली झालेली, ओझ्यानं खाली ओघळलेली माळ.

पळसदरीच्या पुढं रस्त्यात देवीची मिरवणूक. ढोल, गुलाल, रस्ताभर माणसं. मी हॉर्न वाजवत, लोकांच्या शिव्या खात पुढं सरकत होते. एका आजीनं हँडलवरचा माझा हात धरला, आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाली, "सोन्यासारकी ऱ्हा गं बाय." मी रडत होते. तिला वाटलं देवीला बघून भरून आलं. तिनं लोकांना बाजूला सारून मला वाट करून दिली. तिचं नाव विचारायलाही मी थांबले नाही.

गेटवर गजा सहीची वही पुढं करत होता, ती बाजूला सारून मी आत पळाले. वास आधी आला. करपल्यासारखा, घशाशी बसणारा.

मामा पडद्यासमोर खुर्चीवर ताठ बसले होते. कपाळावर कुंकू, अंगात नवा शर्ट, बगला घामानं भिजलेल्या. पडद्यावर एकशे चाळीस. मला बघून ते हसले. "तू कशी गं? बग, जाग्यावर बसलाय. सर बोल्ले व्हते ना, नवं यंत्र आकडा हलू देनार नाय."

मी धावत केटलशी गेले आणि जुन्या काट्यावरची माळ वर केली. दसऱ्याची माळ त्याच दिवशी हलवायची नाही म्हणून तिला कोणी हात लावला नव्हता. काटा लाल खुणेच्या पार पलीकडं होता. केबलची तार सेन्सरच्या टोकातून निसटून लोंबत होती.

"मामा, तेल बंद करा! थंड पाणी सोडा!"

मामा उठले ते थेट गार पाण्याच्या नळ्यांच्या व्हॉल्व्हवरच. मी तेलाचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं. पाईप गडगडले. केटल आतून गुरगुरत होती, जमीन पायाखाली थरथरत होती. मी मामांना बाहेर जा म्हणत होते, ते मला बाहेर जा म्हणत होते, आणि दोघांपैकी कोणीच जात नव्हतं. काटा तिथंच अडून राहिला. मग कधीतरी किंचित मागं आला. खुणेच्या अलीकडं आल्यावर मी खाली फरशीवरच बसले.

"मामा, चूक माझी. भोंगा मी बंद केला आणि विसरले."

त्यांनी पाण्याचा व्हॉल्व्ह पुन्हा एकदा तपासला. मग शेजारी बसत म्हणाले, "वास आलता मला. मगाशीच."

"मग बघितलं का नाही?"

"तुजा आकडा व्हता ना वर." त्यांनी कपाळ पुसलं, कुंकू तळव्याला लागलं. "तो सोडून काट्यावर बगायचं म्हंजे... समद्यांसमोर तुला खोटं पाडल्यावानी झालं असतं."

मला त्यांचा इतका राग आला की काय करू कळेना. त्या रागात मी त्यांचा हात घट्ट धरला होता. एवढी वर्षं ते माझी खारट आमटी बेस आहे म्हणत जेवत आले होते, आणि मी ते कौतुकानं बघत आले होते. "मामा, यापुढं माझं चुकलं की तोंडावर सांगायचं," मी म्हटलं. "आमटीपासून सांगायचं." त्यांनी मान हलवली, पण नजर चुकवली.

मी उठले. पर्समधून पुडी काढली आणि रेझिस्टर रिकाम्या चॅनेलला लावला. माळ सोडवून तार पुन्हा नीट कसली. लॅपटॉप उघडून भोंगा चालू केला आणि शेवटचा आकडा धरून ठेवायची ती ओळ पुसून टाकली. मग खात्री करायला ती तार मुद्दाम ओढली.

भोंगा असा काही ओरडला की गजा गेट सोडून धावत आला. मामांनी दोन्ही कान झाकले. मी तार लावली, भोंगा थांबला.

मामांनी हात खाली घेतले. पडद्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"आजून एकदा वाजव गं," ते म्हणाले.

मी पुन्हा तार ओढली.