प्रेमजीच्या मरणाची तारीख

सासू गेली तेव्हा तिचा मरणाचा दाखला चौथ्या दिवशी हातात पडला. डॉक्टरांची चिठ्ठी, स्मशानाची पावती, फॉर्मवर माझी सही, आणि नगरपालिकेतल्या भूपतभाईंनी खिडकीतून कागद सरकवला. "रंभीबेन, तुमच्या सासूसारखं, रूडीबांसारखं शिस्तीत मरणारं माणूस हल्ली मिळत नाही," म्हणाले. मेल्याची जीभच तशी, मनाने चांगला.

मी तिथेच उभी राहून विचारलं, "आणि माझ्या नवऱ्याचा?"

सगळ्या बंदराला ठाऊक होतं. माझा प्रेमजी, होडीचा टंडेल, तुफानात होडीसकट गेला, त्याला आठ वर्षं होऊन गेली होती. होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणसं नाही.

आमच्या खारव्यांमध्ये दर्यात गेलेल्याचं तेरावं लगेच घालत नाहीत. एकदा घातलं होतं, मावजीचं. गावाने लाडू खाल्ले, बायकोच्या बांगड्या उतरवल्या, आणि दोन वर्षांनी मावजी कराचीच्या तुरुंगातून सुटून स्वतःच्या पायांनी दारात हजर. बायको त्याला बघून किंचाळली. तेव्हापासून पंचांनी कानाला खडा लावला. सरकारचा कागद आल्याशिवाय श्राद्ध नाही की काही नाही.

सासूने तेवढाच धागा घट्ट धरला. "माझा प्रेमजी कराचीत आहे." सुटलेले मच्छीमार बसमधून उतरायचे तिथे जाऊन उभी राहायची, एकेकाचं तोंड निरखायची, आणि रिकाम्या हातांनी परत येऊन मलाच दम द्यायची, "तू कोर्टाची पायरी चढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!" सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की कोर्ट त्याला मेला म्हणतं, हे मला वकिलाने कधीच सांगितलं होतं. पण त्या बाईपुढे मी हात टेकले. मी ना धड सवाष्ण, ना विधवा. लग्नाच्या गाण्यांना कोणी बोलवेना, आणि घरात रडावं तर सासू अंगावर यायची, "जित्या माणसासाठी रडतेस, अवदसा!" मग मी मोरीत नळ सोडून रडायची.

ती गेली आणि मी दावा लावला. पोलिसांकडची बेपत्ताची नोंद, बंदर खात्याचं पत्र, पेपरात जाहिरात, 'कोणी पाहिले असल्यास कळवावे'. कोणी काही कळवलं नाही. पण जाहिरात आली त्या आठवड्यात मी दाराला कडी लावली नाही. वेडी कुठली! सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, मला दीड वर्ष थांबवलं. शेवटी निकाल लागला. वकिलाने हुकमाचं पाकीट न उघडता जसंच्या तसं नगरपालिकेत द्यायला सांगितलं, तसं मी दिलं.

घर नावावर करायला दाखला हवाच होता. पण मला खरी हवी होती ती तारीख. तुफानाची. त्या तिथीला दूधपाक-पुरी करायची, कावळ्याला वाढायचं, आणि दार उघडं टाकून चारचौघींत मोठ्याने रडायचं. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

भूपतभाई नोंद लिहायला बसले. "मृत्यूचं ठिकाण?"

"दर्या."

"दर्याला वॉर्ड नंबर कुठला लावू, बेन?"

"तुम्हीच शोधा. नगरसेवक मतं मागायला येतात तेव्हा बरे सगळे वॉर्ड सापडतात."

हसले, काहीतरी लिहिलं, शिक्का मारला. मी चष्मा लावून वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"ही तारीख चुकली."

"नाही चुकली. हुकमात हीच आहे. तो नेमका कधी गेला याचा पुरावा नाही ना. म्हणून तुम्ही दावा दाखल केला त्या दिवशी मेला, असं धरलंय."

"म्हणजे मी सही केली अन् तो मेला?"

"कागदावर, बेन."

"आणि त्याच्या आधी इतकी वर्षं काय करत होता?"

"जिवंत होता," भूपतभाई हळूच म्हणाले.

मी काय काय बोलले ते सांगत नाही. रांगेतली माणसं मागे सरकली. भूपतभाई बिचारे खिडकी सोडून बाहेर आले, मला बाकावर बसवलं, अर्धा चहा मागवला. "तारीख बदलता येईल. पुन्हा कोर्टात अर्ज करायचा. हवामान खात्याचा तुफानाचा दाखला जोडू, फळ्यांचा पंचनामा जोडू. वर्षभर जाईल, पण होईल बहुतेक. लिहून देऊ?"

"द्या," मी म्हटलं.

त्यांनी सासूचा दाखलाही मागून घेतला, घराच्या अर्जाला लागेल म्हणून. दोन्ही कागद मांडीवर ठेवून सवयीने पुटपुटले, "आई आधी, मुलगा नंतर. तारीख बदलली की मुलगा आधी, आई नंतर."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आई आधी, मुलगा नंतर! म्हणजे सरकारच्या लेखी त्या हट्टी बाईने पोटचा पोरगा गमावलाच नाही. जिवंत मुलाची आई म्हणून गेली ती. आणि मी आता वर्षभर कोर्टाचे उंबरठे झिजवून काय मिळवणार होते? मेलेल्या म्हातारीच्या पदरात मेलेला मुलगा घालणार होते.

"हं, सांगा. तुफानाची तारीख काय लिहू?" भूपतभाईंनी पेन उघडलं.

मला ती पाठ होती. ओठांवर आली होती.

"राहू द्या," मी म्हटलं.

"अहो, पण श्राद्ध?"

"याच तारखेचं घालीन."

भूपतभाईंनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. मी तो तिथेच परत उलगडून वाचला. तुफानाच्या दिवशी रडायला आम्ही दोघी होतो. या तारखेला मी एकटीच होते.