एकमताचा व्हिडिओ

तक्रार कोणाची?

सफियाची. भिवंडीत कापड विणणारे बारा लूम, सगळे बंद.

कोणाविरुद्ध?

सायझिंगवाल्यांविरुद्ध. सुताला खळ लावून बीम, म्हणजे लूमवर चढणारा ताण्याच्या उभ्या धाग्यांचा रूळ, भरून देणारी ही मंडळी. बीम नसला तर लूम म्हणजे नुसतं लोखंड. एका सोमवारी सगळ्यांनी एकदमच दर वाढवला. तिने आपल्या नेहमीच्या सायझिंगवाल्या मनोजशेठला जाब विचारला, तर तो म्हणाला, योगायोग. दुसऱ्या सायझिंगला सूत नेलं, तिथेही योगायोगच गल्ल्यावर बसलेला. दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे जाते म्हणाली आणि त्या दिवसापासून बीमसाठी तिचा नंबर कुठेच लागेना.

पुरावा?

इथे घोडं अडलं. वकीलबाई मृणाली म्हणाल्या, दर एकत्र वाढले एवढ्यावर भागणार नाही. त्यांनी आपसात ठरवलं हे दाखवावं लागेल, कायद्याने बंदी त्याला आहे. आता आपसात ठरवणारे काय मांडव घालून ठरवतात?

(मांडव कोणी घातला, ते पुढे येतंच.)

लूमवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष दाऊदचाचा. ते म्हणाले, आपली एकी दिल्लीला दिसली पाहिजे. सफियाच्याच शेडमध्ये सभा भरली. लूम बंद, त्यामुळे आवाज कसा खणखणीत. सगळ्यांनी हात वर करून ठरवलं की कारखाने बंद ठेवायचे, आणि उघडल्यावर अमुक दराखाली कापड कोणीच विकायचं नाही. चाचांनी व्हिडिओ काढायला लावला. सफियाने तो मृणालीला न विचारताच तक्रारीला जोडला. एकी दाखवायला कसली परवानगी?

सुनावणी. पडद्यावर आयोगाचे तीन सदस्य. मनोजशेठच्या वकिलाने बीमचा ब सुद्धा काढला नाही. त्याने फक्त व्हिडिओ लावला.

"बाई, कापडाचा दर ठरवणारे हे लोक कोण?" एका सदस्याने विचारलं.

"आमचेच, साहेब."

मृणालीने टेबलाखाली तिचा पाय दाबला. सफियाला वाटलं, शाबासकी.

"याहून स्वस्त कोणी विकायचं नाही, असं ठरलं?"

"एकमताने," सफिया म्हणाली.

सदस्य लिहीत होते, भरपूर लिहीत होते.

बाहेर आल्यावर मृणालीने सांगितलं ते सफियाने दोनदा ऐकून घेतलं. सायझिंगवाल्यांची चौकशी होईल की नाही, ते आयोग ठरवेल. पण लूमवाल्यांनी आपसात दर ठरवला, हे आता आयोगाला कोणी सिद्ध करून दाखवायला नको.

आणि बीम?

बीमचं नाव कोणी काढलं नाही.

संध्याकाळी शेडमध्ये पुन्हा सभा. दाऊदचाचा खुर्चीवर चढले.

"आयोगाने विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं. आपलं काही ठरलंच नव्हतं. मंजूर?"

सगळे हात वर.

"चाचा, हे पण आपण ठरवतोच आहोत," सफिया म्हणाली.

"एकमताने, बेटा," चाचा खुशीत म्हणाले. "काढा रे व्हिडिओ."

कोपऱ्यातल्या एका लूमवर हातभर ताणा उरला होता. शेवटचा; तो तिने जपून ठेवला होता. सफिया तिथवर गेली आणि बटण दाबलं. शेड दणाणली. चाचांचं तोंड हलत राहिलं, मोबाइल वर धरलेले होते, आणि एकही शब्द कोणाला ऐकू येत नव्हता. ताणा संपेपर्यंत ती लूमपाशी उभी राहिली.