‘ओहोटी’चं शेवटचं कडवं

आमच्या बँडचं नाव निघालं की समोरचा माणूस हमखास छाती फुगवून सांगतो, “‘शुक्रवारचा पगार’ आहे हं माझ्याकडे! अगदी पहिल्या खेपेतला!” मी ड्रम वाजवतो, म्हणजे हात चालवायची सवय आहे. तरी आजवर कुणावर उगारला नाही, ही माझ्या आईची पुण्याई. “आणि ‘ओहोटी’?” मी विचारतो. “ते काय असतं?” तो म्हणतो.

सांगतो काय असतं ते. ‘शुक्रवारचा पगार’ आम्ही काढला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वुलनगाँगचा पोलाद कारखाना तिन्ही पाळ्यांत धडधडत होता. अल्बम पबात नाचायला बरा, त्यापलीकडे काही नाही. त्यातलं ‘शर्ली, चावी टाक’ आमच्या गायिकेने, नोलीनने, केस वाळेपर्यंत बसून लिहिलं होतं आणि ते तसंच ऐकू येतं. पण लोकांनी डोक्यावर घेतलं. नोलीन ओरडायची, “शर्ली, चावी टाक!” आणि अख्खा पब उलट ओरडायचा, “घर चुकलं, गाढवा!” हे लोकांनीच घुसडलेलं. आम्ही नाही लिहिलं.

मग कारखान्याने माणसं काढायला सुरुवात केली. नोलीनच्या वडिलांनाही घरी बसवलं. भर कामाच्या दिवशी सकाळी धक्क्यावर गळ टाकून उभी असलेली धडधाकट माणसं तिने पाहिली आणि ‘ओहोटी’ लिहिला. त्यातल्या तिसऱ्या गाण्यात मी पूर्ण एक कडवं काहीच वाजवत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणं ते. अल्बम खपला नाही. नोकरी गेलेला माणूस नोकरी गेल्याची गाणी कशाला विकत घेईल? एवढं मलाही कळतं. पण आता तीस वर्षं उलटली ना! आता तरी ऐका की!

यंदा नोलीनच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील की जाईल, डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. नोलीनने मला आणि गिटारवाल्या ब्लागोयाला बोलावून घेतलं. “ऑपरेशनच्या आधी ‘ओहोटी’ गायचाय. अख्खा. आपल्या गावात, माणसांसमोर. एकदाच.”

गावातल्या क्लबचा मॅनेजर डॅरिल ऐकून डोकं खाजवायला लागला. “अख्खा? मर्व्ह, लोक जांभया देतील रे. तिकिटं ‘शर्ली’च्या नावावर खपणार.”

“शेवटी वाजवू शर्ली. मग तर झालं?”

“आणि चार वाजता मटणाची सोडत असते.” दर रविवारी क्लबात तिकिटं विकून नंबर काढतात, नंबर लागेल त्याला मटणाचा ट्रे.

“एक रविवार नको काढू सोडत.”

मी क्लबच पाडायला सांगितला असावा तसा तो बघत राहिला. “अरे, महायुद्धातसुद्धा बंद नव्हती!”

“महायुद्धात हा क्लबच नव्हता, डॅरिल.”

“असता तर बंद नसती ठेवली.”

दगडावर डोकं आपटणं सोपं. गाणं चालू असताना भोंगा लावायचा नाही, एवढं मात्र मी त्याच्याकडून पुनःपुन्हा कबूल करून घेतलं.

रविवारी दुपारी क्लब खच्चून भरला. पहिली दोन गाणी चिप्सच्या ऑर्डरींच्या गलक्यात गेली. पुढच्या टेबलावरचा एक टकल्या जरा कुठे शांतता झाली की “शर्लीऽऽ” म्हणून बोंब ठोकायचा. माझ्या डोक्याच्या शिरा तटतटल्या.

“तोंड नीट कर, मर्व्ह,” ब्लागोया पुटपुटला. “लोकांना वाटतंय तू मारायला उठतोयस.”

“उठणारच आहे.”

पण नोलीन गात राहिली. आवाज पातळ झाला होता, वरच्या पट्टीत चिरकत होता, तरी ती एकेक शब्द हळूच मांडत होती. हळूहळू टेबलं गप्प झाली. टकल्याचंही तोंड मिटलं. शेवटचं गाणं सुरू झालं, त्यात बाप मासा न लागलेली रिकामी बादली घेऊन घराकडे निघतो. दुसरं कडवं अर्ध्यावर आलं आणि भोंगा करकरला.

“निळं तिकीट, सत्तेचाळीस! डुकराच्या चॉप्सचा ट्रे! सत्तेचाळीस नंबर कुणाचा?”

झालं. पाचशे माणसं खिसे चाचपायला लागली. एक आजीबाई ट्रे डोक्यावर धरून मिरवत आल्या आणि त्यांना टाळ्या पडल्या. आम्हाला तोवर एकही पडली नव्हती.

मी ड्रमची काडी फेकून उठलो. “डॅरिल! अक्कल गहाण टाकलीस का रे?”

“चार वाजले ना!” तो भोंग्यावरूनच म्हणाला.

“बस खाली, मर्व्ह,” नोलीन म्हणाली. “पुन्हा घेऊ. पहिल्यापासून.”

ती पुन्हा गायली. दोन कडवी झाली. तिसऱ्याला तिने तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पाणी प्यायली, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा. क्लबातल्या प्रत्येकाला तिला हात द्यायचा होता, चेहऱ्यांवर दिसत होतं. पण शब्द एकालाही येत नव्हते.

ब्लागोयाला ते बघवेना. त्याने सरळ ‘शर्ली’ची सुरावट छेडली आणि सगळा क्लब उभा राहिला. “शर्ली, चावी टाक! घर चुकलं, गाढवा!” घसा फोडून गायले, तिच्याकडे बघत, कित्येक जण रडत. त्यांची माया खोटी होती असं मी म्हणणार नाही. नोलीनही हसली. मग तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माझ्या कानाशी आली.

“एक कडवं राहिलंय,” ती खरखरत म्हणाली. “तू म्हण.”

“मी? मला सूर कुठेय, बाई? ब्लागोयाला सांग ना!”

“त्याला शब्द येत नाहीत.”

मी ब्लागोयाकडे पाहिलं. तो गिटारच्या खुंट्या पिळत बसला.

मग मी म्हटलं. गायलो असं म्हणवत नाही. बाप घरी येतो, आई काही विचारत नाही, त्याच रिकाम्या बादलीत पाणी भरून फरशी पुसायला घेते, एवढंच त्या कडव्यात आहे. नोलीन शेजारी उभी राहून ओठ हलवत होती. बारकडे कुणी वळलं नाही. आजीबाई ट्रे छातीशी धरून उभ्याच होत्या. कडवं संपल्यावर नोलीनने माझ्या पाठीत धपाटा घातला. “घाई केलीस,” ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. नोलीन वाचली, आवाज गेला. परवा डॅरिल रस्त्यात भेटला, म्हणाला, “क्लबात रोज ‘शुक्रवारचा पगार’ लावतो, नोलीनसाठी.”

“त्यात ती ओरडलीय रे, डॅरिल. गायलीय ती ‘ओहोटी’त.”

“मग आणून दे ना. तो लावतो.”

कुठून आणून देऊ? उरलेल्या प्रती कंपनीने केव्हाच मोडीत काढल्या. माझ्याकडे एक होती, ती नोलीनला देऊन आलो. तिच्या होत्या तेवढ्या तिने लोकांना ऐकायला दिल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती.