पाचच्या आत हिरवं

चार. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्याच्या मधोमध नुसता चार. आधी दाण्याएवढा होता, मग लिंबाएवढा, आणि आता दाराशी शेंगा निवडत बसलेल्या सरस्वतीबाईंनाही चष्म्याशिवाय दिसेल एवढा. बाजूच्या रेघा, खुणा नातीनं, अनुपमानं, पुसून टाकल्या होत्या. तिच्या साहेबांना एकच आकडा हवा होता: कपाशी फवारताना विष बाधून आज जिल्ह्यातल्या दवाखान्यांत आलेले. तिकडे नोंद झाली की इथला आकडा आपोआप बदलणार.

मग तिनं चारला हिरवा रंग दिला.

"चार माणसं दवाखान्यात, अन् हिरवं काऊन वं?"

"पाचच्या आत हिरवं, आजी. पाचपासून नारंगी, दहाच्या वर लाल. जिल्ह्याच्या मानानं चार कमीच."

कमी... ज्याच्या घरचा असेल त्याला विचारावं. त्यांचा मुलगा भाऊराव सकाळीच फवारणीचा पंप पाठीला लावून गेला होता. सोबत शेजारच्या कलाबाईचा मुलगा, प्रेम. दोघांची सावड होती, काल आपलं शेत, आज त्यांचं. फोन लागत नव्हता... बीटीचं बियाणं पहिल्यांदा आलं तेव्हा सगळे म्हणाले, आता अळीच नाही, पंप टाका अडगळीत. यजमानांनी खरंच टाकला. त्याच्या आडोशाला कोंबडी अंडी घालायची आणि मी हसायची... मग गुलाबी अळी आली, बोंडाच्या आत, वरून न दिसणारी. कपाशी डोक्याच्या वर गेली, फवारा तोंडावर यायला लागला. एकदा यजमान घरात आले ते भिंत चाचपत. "दिवा लाव वं," म्हणाले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

पडदा एकदम लालभडक. सत्तावीस.

"अनू! तुह्या बापाले फोन लाव!" शेंगा अंगणभर सांडल्या.

"अवं आजी, खोटा आकडा आहे. लाल कसा दिसते ते पाहून राहिली." ती हसली, पण फोन लावलाच. लागला नाही.

पुन्हा हिरवा चार आला. पण आता त्या हिरव्यावर सरस्वतीबाईंचा विश्वास बसेना.

"काय म्हणते तुहं मशीन?" कलाबाई कुंपणापलीकडून ओरडली. "आपले दोघं जेवाले कधी येतात, सांगते का?"

"ते सांगाले लागलं तर तुले कोण विचारीन, काकू!" अनुपमा हसत वळली, आणि हसू तसंच राहिलं. पडद्यावर पाच होता. नारंगी.

"हा बी खोटा?"

"नाही."

"कोण?"

"नाव नसते, आजी. आकडाच येते."

जिल्हा केवढा तरी मोठा, गावोगाव कपाशी, पण त्यांच्या मनात दोनच माणसं उरली. भाऊ नको, देवा, भाऊ नको... आणि भाऊ नको म्हणताना मनानं गुपचूप, कुणाला न विचारता, त्या नारंगी आकड्यात प्रेमला नेऊन बसवलं होतं. त्याची आई समोर उभी असताना.

"मावशी, धरा ना. भाऊले ठेचा आवडते." कलाबाईनं कुंपणावरून वाटी पुढे केली होती.

सरस्वतीबाईंना तिच्याकडे बघवेना. इतका वेळ भीती शेतात होती, दूर, कपाशीच्या आड... आता ती त्यांच्याच छातीत होती, आणि तिला त्यांचाच आवाज होता. हात पुढे होईना. आत मात्र तेच चालू, थांबवूनही न थांबणारं — भाऊ नको... भाऊ नको...