तिसऱ्या नळीतली राणी

परीक्षानळी काचेची घ्यायची, प्लॅस्टिकची घ्यायची नाही, आणि बोटापेक्षा जाड तर मुळीच नाही, हे मंजुश्रीला नांदेडच्या दुकानदाराने सांगायची गरज नव्हती. तिच्या अप्पांनी ते फोनवर इतक्या वेळा सांगितलं होतं की शाळेत जीवशास्त्र शिकवणारी ती होती की लातूरला डाळमिल चालवलेले ते, असा प्रश्न पडावा.

"प्लॅस्टिकला ओरखडे पडतात मंजे, मग आतलं दिसत न्हाई. अन् नळी रुंद असली की राणी भेदरती. तिला भिंत अंगाला लागल्यागत पाहिजे."

अप्पांना, म्हणजे तिच्या वडिलांना, सिद्धरामांना, जाऊन पाच आठवडे झाले होते. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना जाळलं नव्हतं, खड्ड्यात बसवून पुरलं होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने गोदामात औषधाच्या गोळ्या ठेवून किडे मारले, त्याने सत्तरीला मिल मुलाच्या हाती दिली आणि मुंग्यांच्या राण्या पाळायला घेतल्या. पाऊस पडून गेला की मिलच्या दिव्याखाली पंखवाल्या राण्या उतरत. पंख गाळून एखादी भिंतीने एकटीच चालू लागली की अप्पा तिला नळीत घेत. नळीत तळाशी पाणी, पाण्यावर कापूस, मग राणी, मग पुन्हा कापूस. राणी काही न खाता अंडी घालते आणि पहिल्या मुंग्या वाढवते. पहिल्या दोन नळ्यांतल्या राण्या मेल्या. तिसरीतली जगली. अप्पा गेले तेव्हा तिच्या भोवती बत्तीस मुंग्या होत्या.

तीच आता आणायची होती. जिवंत आणायची आणि तिचं नाव शोधायचं. अप्पांचं म्हणणं होतं की हा साधा डोंगळा नाही, पोटावर सोनेरी लव आहे. जाणकारांना त्यांनी फोटो पाठवले होते, पण फोटो धूसर. जाणकारांनी लिहिलं, स्पिरिटमध्ये बुडवून पाठवा, मग सांगू. अप्पांनी त्यांना उत्तरच दिलं नाही.

दुकानदाराने भिंगं काढली. मंजुश्रीने तीस पट लिहिलेलं, दिवा लागणारं भिंग बाजूला सारलं.

"मॅडम, ते भारी आहे."

"आकडा भारी आहे. दहा पटीचं द्या, स्वच्छ काचेचं."

मग शून्य नंबरचा मऊ ब्रश घेतला, म्हणजे चिमट्याने मुंगीचा पाय तुटायला नको. दोन रबरी नळ्या आणि जाळीचा तुकडा घेतला, त्यातून तोंडाने हवा ओढली की मुंगी बाटलीत येते आणि जाळीमुळे तोंडात जात नाही. कापूस घेतला. दुकानदाराने स्पिरिटची बाटली पुढे केली. "किड्यांचं काम आहे तर हे लागतंच."

"नको," ती म्हणाली.

मे महिना होता. नळ्या उन्हात तापू नयेत म्हणून तिने स्टीलचा लांब डबा घेतला, आत फोमचे तुकडे बसवले, वरून गुंडाळायला ओला पंचा घेतला. अप्पा गेले तेव्हाच ती राणीला घेऊन येणार होती. पण जुन्या नळीतलं पाणी पिवळं पडलं होतं, गाडीच्या हादऱ्याने कापूस सुटून राणी बुडाली असती. म्हणून आईला सांगून आली, अप्पांच्या मागची गणाराधना, ते जंगमांचं जेवण, झालं की येते. तोवर आठ दिवसांनी साखरपाण्याचा एक थेंब दे, बाकी हात लावू नकोस. आई "हाव" म्हणाली होती.

सकाळची एसटी पकडून ती साडेअकराला लातूरला उतरली. घर मिलच्या मागेच. धाकटा भाऊ संगमेश चहा पीत बसला होता. त्याने डब्याकडे पाहिलं.

"अक्का, जेवणाचा डबा घेऊन माहेरी आली?"

"राणीसाठी आहे."

"काय थाट हाय बगा. अप्पाला खड्ड्यात बसवताना साधी चटई गावली नव्हती." तो हसला. "आता बसलेत मातीत. त्यांनी मुंग्या पाळल्या, आता मुंग्या त्यांला पाळतील."

आई शिवगंगाबाई तिथेच तांदूळ निवडत होती. मंजुश्री देवघराशेजारच्या कपाटाकडे गेली आणि तिसरी नळी बाहेर काढली.

नळीभोवतीचा लाल कागद जागच्या जागी होता. राणीला लाल उजेड कळत नाही, म्हणून अप्पा तो कधी काढत नसत. तिने काढला. आत पांढरं होतं. काचेला, कापसाला, पाण्याच्या टोकापर्यंत पांढरी धूळ. त्या धुळीत बत्तीस मुंग्या पाय आखडून पडल्या होत्या आणि मधोमध राणी पाठीवर.

"अव्वा, हे काय हाय?"

"विभूती." आईने सुपावरची नजर उचलली नाही. "सोमवारी पूजा झाली. घरातल्या सगळ्यांला लावली. ह्यांलाबी लावली."

"आत ओतलीस."

"कपाळ कुठं हाय ते दिसंना मला."

संगमेश फसकन हसला.

मंजुश्री नळी हातात धरून उभी राहिली. "राखेनं कीड मरते. तुला ठाऊक नव्हतं?"

आता आईने सूप खाली ठेवलं. "माझं लगीन झाल्यापासून ह्या घरातल्या बेण्याच्या तुरीला राख मीच चोळली. मला ठाऊक नसंल?"

मिलचा पट्टा भिंतीपलीकडे चालू होता.

"ऐक मंजे," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "शेहेचाळीस वर्षं नांदले मी. 'अगं', 'ऐकलं का', न्हाईतर 'संग्याची माय', नाव घेऊन एक हाक न्हाई. लोकांत तसंच असतंय, मी कधी तोंडातून काढलं न्हाई. पण माणूस मुंगीचं नाव हुडकाय बसला. भिंग घेऊन, पुस्तकं मागवून, दिल्ली-बंगळूरला फोटू धाडून. हिचं नाव काय, हिचं खरं नाव काय. मी ताट घेऊन मागं उभी. मला म्हनायचे, सरक, उजेड अडतोय."

मंजुश्रीने ओट्यावर पांढरा कागद पसरला. कापूस ओढला, ब्रशने राणीला बाहेर घेतलं, पाण्याच्या थेंबाने धुतलं. नवं भिंग डोळ्याला लावलं. कंबरेला एकच गाठ. कोपरात मोडलेल्या मिशा. छातीवर पंख तुटल्याचे वण. मग पोट. पोट गुळगुळीत, काळं. चार-दोन विरळ केस सोडले तर लव म्हणून काही नव्हती. लाल कागदातून अप्पांना सोनेरी दिसलं होतं. हा डोंगळाच होता, स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याला लागतो तो.

जवळ येऊन आई कागदावर वाकली होती. तिच्या अंगाला विभूतीचा वास येत होता.

"मेल्यावर तरी कळलं का? काय निघालं नाव?"

साधा डोंगळा, एवढं सांगितलं असतं तर आई हसली असती, संगमेश तर वर्षभर हसला असता. मंजुश्रीने भिंग मिटलं.

"नाव अप्पांनी आधीच ठेवलं होतं. जाणकार सांगेपर्यंत तेवढ्यापुरतं. वहीत लिहिलंय."

"काय?"

"शिवगंगा."

वहीत तारखा होत्या आणि अंड्यांचे आकडे. शेवटपर्यंत तिला 'रा. ३' म्हटलं होतं. मंजुश्रीने ती वही तीनदा वाचली होती.

"खोटं," आई म्हणाली.

"खोटं कशाला सांगू? सकाळी मला फोन लावायचे तेव्हा नळी हातातच असायची. तिच्याशी बोलायचे. मला ऐकू यायचं."

"वही दाखव."

"नांदेडला आहे."

संगमेशने बहिणीकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, पण तिची नजर पाहून कप उचलला आणि मिलकडे निघून गेला.

आई ओट्याला टेकून उभी राहिली. करंगळीने तिने कागद स्वतःकडे ओढला, राणी उपडी होती ती उलथली, पुन्हा उपडी केली. तिच्या नखात अजून पांढरं होतं. ते तिने लुगड्याला पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"कसं म्हनायचे?"

"म्हणजे?"

"हाक कशी मारायचे? जोरात का हळू?"

"हळू."

"म्हणून दाखव."

मंजुश्रीने म्हणून दाखवलं. अप्पांचा खर्ज तिला लहानपणापासून काढता यायचा, वाक्याच्या शेवटी आवाज थोडा खाली सोडायचा एवढंच. आईने डोळे मिटून घेतले आणि ओट्याची कड घट्ट धरली.

"परत," ती म्हणाली.

परतीची एसटी सव्वातीनला होती. मंजुश्रीने घड्याळ पाहिलं, स्टूल ओढून आईला बसवलं, आणि पुन्हा म्हटलं.