फुग्याच्या बाह्या

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात शुक्रवार पेठेतल्या बनाबाई चौगुल्यांनी पंचावन्नाव्या वर्षी ठरवलं, की पुतण्याच्या लग्नाला फुग्याच्या बाह्यांचं पोलकं घालायचं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते शेजारच्या हाफिजाच्या अंगणात. हाफिजा बायकांची शिलाई करायची. तिचे सासरे लालासाब जुने शिंपी. ते गेल्यावर त्यांचे कापडं बेतायचे कागदी नमुने तिच्याकडं आले होते. ते तिनं उन्हात पसरले होते. हरभरा निवडायचं सोडून बनाबाई तिथं वाकल्या.

"ही कसली गं बाही, भोपळ्यागत?"

"फुगा हाय, मावशी. जर्मनच्या लढाईआधीची फॅशन. वर चुण्या, दंडाला पट्टी, गळ्याला झालर."

बनाबाईंनी कागद दंडाला लावून बघितला. नवी नवरी असताना मामलेदाराच्या बायकोच्या अंगावर त्यांनी असलं पोलकं पाहिलं होतं. घरी येऊन नुसतं नाव काढलं, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "तमाशात नाचायचं हाय काय?" आता सासूबाई नव्हत्या. नवरा होता.

"मला शीव," बनाबाई म्हणाल्या.

"आण्णा काय म्हणतील?"

"त्यास्नी कोण इचारतंय?"

नमुना कुण्या काटकुळ्या बाईचा होता. हाफिजानं त्याला दोन्ही बाजूंनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या, मग आणखी चिकटवल्या. शेवटी म्हणाली, "मावशी, श्वास सोडा. पोट आत वढून माप दिलं तर जेवणाच्या पंगतीत उसवंल."

कापड मात्र रेशमीच हवं होतं. सुती फुगा लगेच पडतो. बनाबाई घरी गेल्या आणि पदराखाली काहीतरी झाकून आल्या. अंजिरी रंगाचं, जरीच्या काठाचं रेशीम होतं.

हाफिजानं कात्री खाली ठेवली. "ह्यो आण्णांचा फेटा न्हवं?"

"व्हय. लगनातला. पर त्या लगनात मी बी हुतो की. निम्मा माझा."

लग्नाच्या सकाळी आण्णांनी पेटी उपसली. फेटा सापडेना. "कसर लागली असंल," बनाबाई म्हणाल्या, "पांढरा बांधा, भारदस्त दिसतंय." आणि अंगभर शाल लपेटून बायकांच्या ट्रकमधून पेठ वडगावला पुढं निघून गेल्या. एवढ्या उन्हात शाल कशाला, हे विचारायचंही आण्णांना सुचलं नाही.

मांडवाच्या दाराशी पोचल्यावर आण्णांना एक रुबाबदार बाई पाठमोरी दिसली. काय त्या बाह्या. मुलीकडची कुणीतरी मोठी असामी असणार. आण्णा अदबीनं मागं जाऊन उभे राहिले.

"पावणं, उन्हात कशाला उभ्या? ह्या खुर्चीवर बसा."

बाईंनी पदर पुढं ओढला आणि न वळता बसून घेतलं. आण्णांनी स्वतः जाऊन सरबत आणलं. पेला घ्यायला हात पुढं आला, तो अडतीस वर्षं त्यांना भाकरी वाढणारा हात होता. मग त्यांनी अंजिरी रंग पाहिला. मग जर पाहिली.

त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात चुलतभाऊ हंबीररावांची बायको धावत आली. "वैनी, काय झ्याक दिसतंय. कुणाची ही आयडिया?"

भोवतीच्या बायका आण्णांकडं बघू लागल्या. बनाबाई सरबत पीत राहिल्या. आण्णा खाकरले.

"म्याच म्हणलं," ते म्हणाले. "पेटीत कुजण्यापरास घाल म्हणलं. फेटा काय, बायकोपरास मोठा हाय व्हय?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि मग आपापल्या नवऱ्याच्या डोक्याकडं.

चार दिवसांनी हंबीरराव दारात उभे राहिले. हातात केशरी फेट्याचा तुकडा होता.

"आण्णा, तुमचं ग्यान तुमच्यापाशीच ठेवायचं हुतं," ते म्हणाले. "बाकीचा त्या हाफिजाकडं गेलाय. इचारलं तर बायको म्हणतीया, आण्णांनी सांगितलंय."

आण्णांनी आशेनं बायकोकडं पाहिलं.

"सांगितलं की," बनाबाई म्हणाल्या. "समद्यांदेखत." आणि चहा टाकायला आत गेल्या.

दोघं चहा पिऊन उठले. उरलेल्या कापडातून निदान उपरणं तरी निघतंय का, एवढंच हाफिजाला विचारायचं होतं. तिच्या दारात वडगावचे आणखी दोघे आधीच चपला काढत होते.