अक्षर एकदाच

तिने जुन्या कोडच्या बावीसशे ओळी निवडल्या आणि एका झटक्यात पुसून टाकल्या. चार महिने खपून नव्या संगणकभाषेत लिहिलेला कोड त्यांच्या जागी बसवला, चाचण्या सुरू केल्या. एक सोडून सगळ्या पार पडल्या.

संगणकावर मजकूर लिहिण्याची ती प्रणाली कुणीही फुकट वापरावी, उघडून दुरुस्त करावी अशी. ती बदलत होती त्या कळफलकाच्या भागाला मात्र पंचवीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. अडलेली चाचणी सांगत होती, कळ कितीही वेळ दाबून धरली तरी अक्षर एकदाच उमटलं पाहिजे. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. चाचणी काढून टाकली की काम फत्ते. तिचं बोट तिथवर गेलंही. मग तिने मूळ लेखकाचा नंबर शोधून फोन लावला.

“काका, तुमचा जुना कोड काढतेय. राग नाही ना?”

“अगं, आहे होय तो अजून? मला वाटलं, माझ्या आधीच गेला असेल!”

तिने चाचणीबद्दल विचारलं. पलीकडचं हसू ओसरलं.

“माझ्या बहिणीचा हात थरथरायचा. कळ दाबली की बोट उचलायला वेळ लागायचा. एक ‘क’ लिहायला जावं तर ओळभर ‘क’. रडकुंडीला यायची बिचारी. तिच्यासाठी केलं होतं.” मग ते म्हणाले, “आता ती नाही. खुशाल काढ.”

तिने काढलं नाही. ही सोय कुणाला लागते का, असं वापरणाऱ्यांच्या गटावर विचारलं. दोन दिवसांत अकरा उत्तरं आली. उत्तर देणाऱ्यांतली एक शिक्षिका पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहीत होती. ‘हे आहे म्हणून माझा वर्ग चालू आहे,’ तिने लिहिलं होतं.

ती सोय नव्या कोडमध्ये नव्याने लिहायला आठवडा गेला. त्या ओळींच्या वर तिने कारणही लिहिलं आणि अकराही उत्तरं काकांना पाठवली.

काकांचा फोन आला.

“अकरा?”

“उत्तर दिलेले अकरा.”

“तुझा कोड पाठव बरं. बघतो जरा.”

चार दिवसांनी तिच्याच कोडमधल्या एका चुकीची दुरुस्ती काकांकडून येऊन पडली. खाली टीप होती : ‘या भाषेत नवखा आहे, सांभाळून घ्यावे.’

तिने दुरुस्ती दोनदा तपासली. बरोबर होती. ती स्वीकारून, नव्या सदस्यांना जातो तो ठरावीक स्वागताचा निरोप तिने काकांना पाठवून दिला.